‘कार्टून वॉर्स’ की ‘२००–२०१’? ‘साउथ पार्क’ची कुठली वादग्रस्त जोडी आधी बघावी

‘साउथ पार्क’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे तीनशेहून जास्त भाग झाले. त्यातले किती कुणाला झोंबले याची मोजदाद करण्यात अर्थ नाही, कारण झोंबणं हाच या मालिकेचा धंदा. तरी वादग्रस्त भागांचा विषय निघाला की चाहते दोन जोड्यांपाशी येऊन थांबतात. पहिली जोडी २००६ सालची, ५ आणि १२ एप्रिलला आलेले ‘कार्टून वॉर्स’चे दोन भाग. दुसरी २०१० सालची, १४ आणि २१ एप्रिलचे ‘२००’ आणि ‘२०१’. दोन्हींच्या मध्यभागी प्रश्न एकच: पैगंबर महंमद पडद्यावर दाखवायचे की नाही? प्रत्येक जोडीची लांबी पाऊण तासाच्या आतबाहेर. वरवर बघणाऱ्याला वाटतं की चार वर्षांनी तोच विनोद पुन्हा केला.

तसं नाही. एक संध्याकाळ हाताशी असेल आणि एकच जोडी बघायची असेल, तर निवड करण्यासारखा मोठा फरक दोघींत आहे. धर्माची टिंगल करावी की करू नये, हा वाद मी इथे घेत नाही. त्यावर तुमचं मत तुमच्यापाशी आधीच तयार असणार. मला रस आहे तो बारकाव्यांत. कुठला विनोद कुठल्या जुन्या भागातून उचललाय, कुठली कडी बारा वर्षांनी जुळवलीय, कुठे जुळत नाही आणि कुठे वाहिनीने मध्ये पडून जुळू दिलेली नाही. यासाठी कथानक फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. कार्टमन या मालिकेतल्या लठ्ठ पोराचा बाप कोण हे तुम्हाला अजून ठाऊक नसेल आणि मालिकेतूनच कळावं असं वाटत असेल, तर हा लेख नंतर वाचा.

दोन्हींचं मूळ एकाच महिन्यात

जुलै २००१. पाचवा सीझन. ४ जुलैला ‘सुपर बेस्ट फ्रेंड्स’ नावाचा भाग आला. जादूगार डेव्हिड ब्लेनचा एक पंथ निघतो, मालिकेच्या चार मुलांपैकी काईल, केनी आणि कार्टमन त्याच्या नादी लागतात आणि त्यांना सोडवायला चौथा, स्टॅन, येशूकडे जातो. येशू आपली टोळी गोळा करतो: बुद्ध, मोझेस, महंमद, कृष्ण, लाओ त्से, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि यांच्यात सी मॅन नावाचा एक भलताच गृहस्थ. सत्तरच्या दशकातल्या सुपरहिरोंच्या कार्टूनचं हे विडंबन. ब्लेन वॉशिंग्टनमधला लिंकनचा पुतळा जिवंत करून सोडतो, तर त्याला आवरायला ही मंडळी लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याचा अवाढव्य दगडी पुतळा उभा करतात. या भागात महंमद सरळ दिसतात, बोलतात, हातातून आग फेकतात. तेव्हा त्यावरून काही मोठा गहजब झाला नाही. पुढे काही काळ मालिकेच्या सुरुवातीच्या शीर्षकांमधल्या गर्दीतही तो चेहरा होता. आपल्याकडच्या प्रेक्षकाची नजर साहजिकच निळ्या कृष्णावर जाते, पण त्याच्या वाट्याला फार काम नाही.

बरोब्बर पुढच्या आठवड्यात, ११ जुलैला, आला ‘स्कॉट टेनॉरमन मस्ट डाय’. नववीतला लाल केसांचा स्कॉट चौथीतल्या कार्टमनला पैशाने फसवतो, वर त्याचा अपमान करतो. कार्टमन असा डाव रचतो की स्कॉटचे आईवडील एका शेतकऱ्याच्या बंदुकीला बळी पडतात. मग तो त्यांचं मांस चिली या तिखट रश्श्यात घालून स्कॉटलाच खाऊ घालतो. स्कॉट रडत असताना त्याचा आवडता बँड, रेडिओहेड, तिथे येतो आणि रडक्या म्हणून त्याची खिल्ली उडवतो. तोवर कार्टमन हा आगाऊ, लठ्ठ, तोंडाळ पोरगा होता. या भागानंतर तो राक्षस झाला. चाहत्यांच्या आवडत्या भागांच्या याद्यांत हा भाग कायम वर असतो आणि माझ्या मते तो मान त्याचा रास्तच आहे.

हे दोन भाग लागोपाठच्या बुधवारी आले, तेव्हा एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. २०१० मध्ये दोन्ही धागे एका गाठीत येतात. २००६ च्या जोडीतही दोन्हींची सावली आहे, पण ओझरती.

२००६: स्वतःच्या पायावर उभी असलेली जोडी

‘कार्टून वॉर्स’ समजायला मालिकेबद्दल जवळजवळ काही माहीत नसलं तरी चालतं. त्या वेळची बातमी तेवढी माहीत हवी. ‘युलांड्स-पोस्टेन’ या डॅनिश वृत्तपत्राने ३० सप्टेंबर २००५ ला महंमदांची व्यंगचित्रं छापली होती आणि २००६ च्या सुरुवातीला अनेक देशांत त्यावरून हिंसक निदर्शनं झाली होती. भागात ‘फॅमिली गाय’ ही फॉक्स वाहिनीवरची खरीखुरी कार्टून मालिका महंमदांना दाखवणार असल्याची बातमी येते आणि गावात घबराट पसरते. गावकरी सभा भरवतात आणि ट्रक भरभरून वाळू मागवून त्यात डोकी खुपसून बसायचं ठरवतात.

कार्टमनला हा भाग बंद पाडायचाय. मुसलमानांच्या भावना दुखावतील, असं तो काईलला डोळ्यांत पाणी आणून सांगतो. काईल फसतो. खरं कारण एवढंच की कार्टमनला ‘फॅमिली गाय’ मनापासून आवडत नाही. त्याचा हिशेब साधा असतो: एक भाग मागे घेतला की दुसरा गट दुसऱ्या भागासाठी येतो, मग तिसरा, आणि मालिका आपोआप संपते. हे संवाद कुठल्या दिवसांत लिहिले गेले ते लक्षात घ्या. डिसेंबर २००५ मध्ये कॅथलिक संघटनेच्या निषेधानंतर ‘ब्लडी मेरी’ या भागाचं पुनःप्रसारण वगळलं गेलं होतं. मार्च २००६ मध्ये सायंटॉलॉजी या पंथावरच्या ‘ट्रॅप्ड इन द क्लोझेट’चंही तेच झालं. त्याच महिन्यात शेफ या शाळेतल्या आचाऱ्याच्या पात्राला आवाज देणारे आयझॅक हेज मालिका सोडून गेले आणि २२ मार्चच्या भागात शेफ मारला गेला. ‘कार्टून वॉर्स’चा पहिला भाग त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. कार्टमनच्या तोंडी घातलेला युक्तिवाद म्हणजे लेखकांच्या स्वतःच्या घरातली भीती होती.

पहिल्या भागाच्या शेवटी निवेदक विचारतो की ‘साउथ पार्क’ दाखवणारी वाहिनी कॉमेडी सेंट्रल ऐन वेळी कच खाईल का. आठवडाभराने प्रेक्षक दुसऱ्या भागाची वाट बघत बसतात आणि पडद्यावर सांगण्यात येतं की आज तो भाग दिसणार नाही, त्याऐवजी टेरेन्स आणि फिलिप या मालिकेतल्याच कॅनडाच्या विनोदी जोडगोळीचा खास कार्यक्रम बघा. ज्यांनी मालिका सुरुवातीपासून पाहिली होती त्यांना इथे १ एप्रिल १९९८ आठवला असणार. पहिला सीझन ‘कार्टमनचा बाप कोण?’ या प्रश्नावर अर्धवट सोडून संपला होता. दुसरा सीझन सुरू झाला तो नेमका एप्रिल फूलला, आणि उत्तराऐवजी अख्खा भाग टेरेन्स-फिलिपचा दाखवला. प्रेक्षक इतके खवळले की उत्तराचा भाग ठरल्या तारखेआधी, २२ एप्रिललाच लावावा लागला. २००६ मध्ये मात्र फसवणूक दोन-चार मिनिटांचीच. टेरेन्स-फिलिपही वैतागलेले असतात, कारण त्यांच्या कॅनडाच्या वाहिनीनेही महंमदांचं दृश्य कापलंय. मग खरी गोष्ट सुरू होते. या जोडीतली मला सर्वांत आवडणारी जागा ही, आणि नवख्याला ती सांगितल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी अशी जागा फॉक्सच्या कार्यालयाबाहेर येते. कार्टमनला तिथे एक काटेरी केसांचा मुलगा भेटतो. नाव घेतलेलं नाही, पण तो ‘द सिम्पसन्स’ या जुन्या कार्टून मालिकेतला बार्ट सिम्पसन आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. त्यालाही ‘फॅमिली गाय’ बंद पाडायचीय. आजवर केलेलं सर्वांत वाईट काम कुठलं, असं कार्टमन विचारतो. मुलगा सांगतो, पुतळ्याचं डोकं चोरलं होतं. हा १९९० मधल्या ‘द सिम्पसन्स’च्या एका भागाचा संदर्भ. कार्टमन त्याचं तोंडभर कौतुक करतो आणि सहज सांगून टाकतो की एकदा एक मुलगा आवडला नव्हता म्हणून मी त्याच्या आईबापांची चिली करून त्याला खाऊ घातली. दोन मालिकांमधल्या पिढ्यांचं अंतर दोन वाक्यांत. एवढ्या कमी शब्दांत एवढी मोठी कंटिन्युइटी, म्हणजे जुन्या भागांशी जुळणी, वापरलेली जागा ‘२००–२०१’मध्येही नाही.

‘फॅमिली गाय’चे लेखक म्हणजे हौदात पोहणारे मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, हा शोध या भागातला सर्वांत गाजलेला विनोद. शब्द लिहिलेले चेंडू त्या ढकलतात आणि त्यातून विनोद तयार होतात. टोमणा ‘फॅमिली गाय’च्या असंबद्ध तुकड्यांना आहे, पण त्याचा कथानकाला उपयोगही करून घेतलाय. एकही चेंडू काढला तर मॅनाटी काम थांबवतात. म्हणजे सगळं चालेल किंवा काहीच नाही, या काईलच्या शेवटच्या मुद्द्याची तयारी विनोदातूनच झालेली असते. रचनेच्या दृष्टीने हे फार सफाईचं काम आहे.

मग तो प्रसिद्ध काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत कोरडी माहिती: या दृश्यात महंमद एक फुटबॉल हेल्मेट देतात, आणि कॉमेडी सेंट्रलने त्यांची प्रतिमा दाखवायला नकार दिला आहे. कापलेलं दृश्य इतकं निरुपद्रवी आणि निरर्थक असावं, यातच विनोद. त्यानंतर गोष्टीतला अल-कायदाचा अल-झवाहिरी सूड म्हणून स्वतःचं कार्टून दाखवतो. त्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, येशू आणि अमेरिकेचा झेंडा यांची जी विटंबना आहे ती वाहिनीने काही न कापता प्रक्षेपित केली. लेखकांनी वाहिनीला कात्रीत पकडलं ते असं.

ज्यांना चुका शोधायला आवडतात त्यांच्यासाठी एक. मालिकेच्या हिशेबाने २००६ मध्ये येशू मेलेला आहे. डिसेंबर २००२ च्या ‘रेड स्ले डाउन’मध्ये तो इराकमध्ये सांताक्लॉजला वाचवताना मारला गेला आणि परत आला तो एप्रिल २००७ च्या ईस्टर भागात. मग ‘कार्टून वॉर्स’मधला येशू कुठला? उत्तर सोपं आहे. तो कार्टूनमधल्या कार्टूनमधला. चूक नाही. पण ही शंका घेणारा प्रेक्षक हा पुढच्या जोडीचा प्रेक्षक आहे.

२०१०: बारा वर्षांची उधारी फेडणारी जोडी

चौदाव्या सीझनमधला ‘२००’ हा नावाप्रमाणे दोनशेवा भाग. मुलांची सहल मिठाईच्या कारखान्यात जाते, तिथे टॉम क्रूझ काम करताना दिसतो, त्याचा पुन्हा अपमान होतो आणि तो गावाने आजवर टिंगल केलेले सगळे नामवंत गोळा करून गावावर खटला भरतो. खटला मागे घ्यायची अट एकच: महंमदांना आमच्यासमोर आणा. टिंगलीपासून त्यांना जे संरक्षण मिळतं ते काढून या लोकांना स्वतःला लावून घ्यायचंय. हे ऐकून लाल केसवाल्यांची एक अतिरेकी टोळीही तीच मागणी घेऊन बाँबची धमकी देते. गावकरी सुपर बेस्ट फ्रेंड्सकडे धाव घेतात. महंमदांना आधी सामानाच्या बंद ट्रकमधून, मग अस्वलाच्या सोंगात आणलं जातं. ‘२०१’मध्ये कळतं की अस्वलाच्या आत सांताक्लॉज होता.

इथे नवख्याची अवस्था दुसऱ्याच्या घरच्या लग्नात गेल्यासारखी होते. सगळे एकमेकांना ओळखतात, हसतात, आणि आपण जेवून निघतो. नामवंतांनी बाहेर काढलेली यांत्रिक राक्षसी बार्बरा स्ट्रायसँड (खरी बार्बरा ही गायिका-अभिनेत्री) १८ फेब्रुवारी १९९८ च्या भागातली. तेव्हा तिला ‘द क्युअर’ बँडच्या रॉबर्ट स्मिथने हरवलं होतं आणि त्याचा आवाज खुद्द स्मिथनेच दिला होता. कार्टमनच्या हातावर लिपस्टिकने काढलेला मिच कॉनर एप्रिल २००३ च्या भागातला. तिथे तो हात स्वतःला जेनिफर लोपेझ म्हणवत होता. लाल केसांच्या मुलांचा द्वेष नोव्हेंबर २००५ च्या ‘जिंजर किड्स’मधला, आणि तो पसरवणारा कार्टमनच. नुसती उजळणी असती तर मी या जोडीला नापास केलं असतं. पण या सगळ्या फाफटपसाऱ्याखाली एक खरा धागा आहे.

१९९८ मध्ये गावाला सांगण्यात आलं होतं की कार्टमनची आई उभयलिंगी आहे आणि म्हणून तीच त्याचा बाप. उत्तर मुद्दामच भिकार होतं. ‘२००’मध्ये मिच कॉनर कार्टमनला सांगतो की ते खोटं होतं, आणि भाग संपताना पहिल्या सीझनसारखाच प्रश्न टांगून ठेवला जातो. आठवड्याने ‘२०१’मध्ये उत्तर येतं. बाप जॅक टेनॉरमन, डेन्व्हर ब्रॉन्कोस या फुटबॉल संघाचा खेळाडू. संघाची बदनामी नको म्हणून गावाने गप्प बसायचं ठरवलं होतं. हा जॅक म्हणजे स्कॉटचा बाप. २००१ मध्ये कार्टमनने ज्याची चिली केली, तो.

आता १९९८ चा भाग पुन्हा काढून बघा. संशयितांची नावं वाचली जातात त्या यादीत डेन्व्हर ब्रॉन्कोस हा अख्खा संघ आहे. तेव्हा तो अश्लील विनोद होता. बारा वर्षांनी तेच खरं उत्तर निघालं. १९९८ मध्ये लेखकांच्या डोक्यात हे होतं असं मला अजिबात वाटत नाही. हा भाग साधारण आठवडाभरात बनवणाऱ्या मंडळींकडून तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. जुन्या सामानात हात घालून नेमकी बसणारी किल्ली शोधली, असं म्हणू. त्यातली कारागिरी कमी होत नाही. कळसाचा विनोद तर अस्सल कार्टमन. आपण बापाला मारलं, याचं त्याला दुःख नाही. आपण अर्धे लाल केसवाल्यांपैकी आहोत हे कळल्यावर तो हंबरडा फोडतो.

याच भागात पिप मरतो. पहिल्या सीझनपासूनचा तो भिडस्त इंग्रज मुलगा. कित्येक वर्षं त्याला संवादही नव्हते. स्ट्रायसँड त्याला चिरडते आणि कथा पुढे जाते. कुणी थांबून बघतही नाही.

कात्री कुणाच्या हातात

दोन्ही जोड्यांत सेन्सॉर आहे. माझ्या मते निवडीचा सर्वांत मोठा निकष इथे लपलाय.

२००६ चा काळा पडदा वाहिनीच्या नकारातून आला हे खरं, पण तो लिहिला मालिकेचे निर्माते पार्कर आणि स्टोन यांनी. कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे त्यांनी ठरवलं. म्हणून तो विनोदाचा भाग झाला. आज तो पडदा काढून खरं दृश्य तिथे घातलं तर भाग दुबळा होईल.

२०१० ची गोष्ट निराळी. ‘२००’ प्रक्षेपित झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या ‘रेव्होल्यूशन मुस्लिम’ नावाच्या संकेतस्थळावर इशारा आला की निर्मात्यांचं थिओ व्हॅन गॉगसारखं होऊ शकतं. व्हॅन गॉग हे डच चित्रपट दिग्दर्शक; २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला होता. आठवड्याने ‘२०१’ आला तेव्हा त्यात महंमदांवर काळी पट्टी होती आणि शिवाय त्यांचं नाव जिथे जिथे येतं तिथे बीप. शेवटी काईल, येशू आणि सांता यांची जी बोधपर भाषणं होतात, ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बीपखाली. बघणाऱ्या पुष्कळांना हाही विनोदच वाटला. लांबलचक बीपखाली काईल गंभीर चेहऱ्याने तोंड हलवतोय, हे ‘साउथ पार्क’ला शोभणारंच दृश्य होतं. दुसऱ्या दिवशी पार्कर-स्टोन यांनी निवेदन काढलं: बीप आमचे नाहीत, वाहिनीचे आहेत. काईलचं भाषण धाकदपटशा आणि भीती या विषयावर होतं आणि त्यात महंमदांचा उल्लेखही नव्हता.

इशारा लिहिणाऱ्या तरुणाला पुढे २०११ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. सोमालियातल्या अल-शबाबला मदत करण्याचा प्रयत्न हाही त्याच्या गुन्ह्यांत होता. त्याआधी, मे २०१० मध्ये, निषेध म्हणून समाजमाध्यमांवर चित्रं काढण्याचा दिवस पाळला गेला आणि पाकिस्तानात फेसबुक काही काळ बंद करण्यात आलं. हे सगळं ‘२०१’च्या मागे उभं आहे. मात्र भाग बघताना यातलं काही कळत नाही. कळतो फक्त बीप.

म्हणून विनोदी कलाकृती म्हणून ‘२०१’ जखमी आहे. ज्या भाषणासाठी दोन भागांची उभारणी केली तेच ऐकू येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये बीप नसलेली प्रत इंटरनेटवर फुटली आणि भाषण चाहत्यांनी ऐकलं. ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘एवढंच?’ अशी होते. भीती दाखवली की माणसं तुमच्यावर बोलायचं थांबवतात, असा त्याचा मथितार्थ. ते दाबलं गेलं म्हणूनच ते खरं ठरलं, हे मात्र मान्य करावं लागतं.

आणखी एक बारकावा. ‘२००’मध्ये बुद्ध नाकाने कोकेन ओढताना दिसतो, येशूच्या संगणकावर काय चाललंय तेही दाखवलंय. दोन्ही विनाकात्री. ‘कार्टून वॉर्स’च्या शेवटी वाहिनीला जसं पकडलं होतं तसंच इथेही, फक्त या वेळी तोच मुद्दा दोन भागभर पुन्हा पुन्हा येतो आणि थोडा थकवतो. त्याच डावाची धार २००६ मध्ये जास्त होती.

मिळणार कुठे

निवड करताना हा व्यवहारी प्रश्न टाळता येत नाही. २०२० मध्ये ‘साउथ पार्क’ एचबीओ मॅक्सवर आली तेव्हा पाच भाग तिथे नव्हते: ‘सुपर बेस्ट फ्रेंड्स’, ‘कार्टून वॉर्स’चे दोन आणि ‘२००’, ‘२०१’. म्हणजे २००१ मध्ये कुणी फारसं न बोललेला भागही मागाहून गेला. खात्रीचा अधिकृत मार्ग डिस्कचा. पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या सीझनच्या संचांत हे भाग आहेत. चौदाव्या सीझनच्या संचातला ‘२०१’ मात्र बीपसकटच आहे.

कंटिन्युइटीच्या चाहत्याला यातला विनोद लगेच कळेल. नायकाचा बाप कोण आणि एक जुनं पात्र कसं मेलं, या दोन पक्क्या गोष्टी अशा भागात आहेत जो मालिकेच्या आजच्या बहुतेक प्रेक्षकांनी पाहिलेलाच नाही. त्यांच्या लेखी कार्टमनचा बाप अजूनही त्याची आईच, आणि पिप कुठेतरी नुसता दिसेनासा झालाय.

मग काय बघायचं

मालिका नवी असेल, किंवा सोबत बघणारं कुणी नवखं असेल, तर ‘कार्टून वॉर्स’. पूर्वतयारी नको, कथा एका रेषेत जाते, कार्टमन आणि काईल यांचं भांडण पूर्ण उतरतं आणि शेवट हातात सापडतो. ‘फॅमिली गाय’चे दोन-तीन भाग पाहिलेले असतील तर मॅनाटीवाला विनोद दुपटीने लागेल. निव्वळ विनोदी लेखनाचा निकाल द्यायचा तर मी ही जोडी डोळे झाकून वर ठेवतो. टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नामांकन ‘२००–२०१’ला मिळालं होतं हे माहीत असूनही.

पहिले पाच-सहा सीझन पाहिलेले असतील आणि ‘हा माणूस कुठे पाहिला होता?’ असं म्हणत मध्येच भाग थांबवायची सवय असेल, तर ‘२००–२०१’. पण थेट उडी मारू नका. आधी ‘स्कॉट टेनॉरमन मस्ट डाय’ बघा, हे सक्तीचं. मग पहिल्या सीझनचा शेवटचा भाग आणि दुसऱ्या सीझनमधलं त्याचं उत्तर. वेळ उरला तर ‘सुपर बेस्ट फ्रेंड्स’ आणि यांत्रिक स्ट्रायसँड. ‘जिंजर किड्स’ सोडला तरी चालेल, त्यातलं हवं तेवढं ‘२०१’ स्वतःच सांगतो. मिच कॉनरचा भाग मी कुणालाही सोडायला सांगणार नाही, पण तो त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी.

दोन्ही जोड्या बघणार असाल तर क्रम २००६, मग २०१०, उलटा नको. ‘२०१’मधला बीप आधी ऐकला तर ‘कार्टून वॉर्स’चा काळा पडदा जुनाट आणि सौम्य वाटेल. पडदा आधी बघितला असेल तर ‘२०१’च्या शेवटी पहिली काही सेकंदं तुम्हीही हसाल, याही वेळी पोरांनी काहीतरी डाव टाकलाय असं समजून. टीव्हीवर पहिल्यांदा पाहणाऱ्यांचं तसंच झालं होतं.

पोरंबाळं आसपास असतील तर दोन्ही नकोत. ‘कार्टून वॉर्स’मधली शेवटची दोन मिनिटं विशेषतः.